गंधासुली बाजारातल्या काचपट्ट्या

१

सोमवारी सकाळी गंधासुली बाजारातल्या सगळ्या काचपट्ट्या फुटलेल्या निघाल्या.

तशा त्या पट्ट्या म्हणजे काही मोठी चीज नव्हती. बोटभर रुंदीची साधी काच. खांबावर किंवा तुळईवर तडा दिसला की तिथे ती आडवी धरायची आणि दोन्ही टोकं गिलाव्यात घट्ट बसवायची. काचेला ताण सोसत नाही. तडा केसभर जरी रुंदावला तरी ती फुटते, आणि इमारत हलते आहे हे कळतं. सेलारास सल्लागार कंपनीतल्या वेनिंगनं त्या बसवल्याला बरेच महिने झाले होते. मधल्या काळात भरतीचं पाणी दोनदा बाजाराच्या पायरीपर्यंत येऊन गेलं, पण एकही पट्टी फुटली नव्हती. तडे जुने आहेत, इमारत जागच्या जागी उभी आहे, नीट डागडुजी केली तर आणखी दोन पिढ्या वापरता येईल, असं वेनिंगचं मत झालं होतं आणि गुरुवारी ती ते सगळ्यांपुढे मांडणार होती.

या मतावर बरंच काही अवलंबून होतं. सेमारांग या किनाऱ्यावरच्या शहराच्या खालच्या भागातला हा बाजार जुना, पण जमीन पाक हांडोयो, म्हणजे हांडोयोसाहेब, नावाच्या बड्या आसामीच्या कंपनीची. इमारत वापरण्याजोगी आहे तोवर व्यापाऱ्यांना हलवता येणार नाही, असा करार होता. हांडोयोंना तिथे मॉल उभारायचा होता. इमारत धोक्याची ठरली की दुसऱ्या दिवशी बुलडोझर आत शिरणार, हे जमु नावाचा औषधी काढा विकणाऱ्या बायकांपासून पक्षी विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ती धोक्याची आहे की नाही हे ठरवायला जी सल्लागार कंपनी नेमली होती, तिला फी हांडोयोच देत होते.

नऊ वाजता हांडोयोंचे इंजिनियर ब्रामांत्यो फोटो घेऊन सेलारासच्या ऑफिसात हजर झाले. बाजार बंद करून दाराला बांबू लावल्याचं त्यांनी सांगितलं. गुरुवारी कंपनीनं इमारत पाडण्याची शिफारस करावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

कंपनीचे संस्थापक पाक सुबक्ती डोळे मिटून ऐकत होते. बोलला तो टिर्तो. तो शिकलेला इंजिनियर, पण गेली कित्येक वर्षं त्याचं काम म्हणजे ग्राहक आणणं आणि राखणं. माणसं तरुण असली की चुकतात, वेनिंगचं मत मागे घेऊ, नवं देऊ, वेळेवर कबूल केलं तर अब्रू वाचते, असं तो अगदी समजुतीच्या सुरात सांगत होता. वेनिंग दाराशी उभी होती. शनिवारी दुपारी आपण स्वतः पाहिलं तेव्हा सगळ्या पट्ट्या अखंड होत्या, इतकंच ती म्हणाली. सुबक्तींनी तिला गुरुवारपर्यंत घरी राहायला सांगितलं.

कोपऱ्यात बू पालुपी, म्हणजे पालुपीबाई, बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, जाड चष्म्याच्या, मीटिंग लांबली की पर्समधून कुरकुरीत काहीतरी काढून खाणाऱ्या. दुसऱ्यांनी केलेली गणितं तपासून चुका काढणं हे त्यांचं काम, त्यामुळे ऑफिसात त्यांना मान होता आणि जेवायला शेजारी कोणी बसत नव्हतं. त्यांनी फोटो एकेक करून पाहिले.

"सगळ्या फुटल्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या," ब्रामांत्यो म्हणाले.

"उत्तरेच्याही आणि दक्षिणेच्याही?"

"म्हटलं ना बू, सगळ्या."

पालुपींनी फोटो खाली ठेवले. आयुष्यभर त्यांनी खचणाऱ्या इमारती पाहिल्या होत्या. या शहराची जमीनच मऊ. इमारत खचते ती एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी. कुठे काच फुटते, कुठे नुसती सैल होते, कुठे काहीच होत नाही. एका हुकमावर सगळ्या काचा फुटाव्यात इतकी शिस्त त्यांनी कुठल्याच इमारतीत पाहिली नव्हती.

"पाक," त्या सुबक्तींना म्हणाल्या, "गुरुवारपर्यंत हे माझ्याकडे द्या."

टिर्तो हसला. "आता पोलीसगिरी करणार का, बू?"

"छे. मी फक्त तडे बघणार. पोलिसांना तडे कळत नाहीत."

२

बाजाराच्या बंद दारासमोर बायकांचा घोळका उभा होता. त्यांच्या पुढे कंबरेवर हात ठेवून बू कास्मिना. हळद-चिंचेचा आणि तांदूळ-कचोऱ्याचा जमु विकण्यात तिची हयात गेली होती आणि बाजारातली सगळी भांडणं तीच सोडवायची. पालुपींचं हेल्मेट बघून तिनं आधी त्यांनाच फैलावर घेतलं. पोरीनं सांगितलं इमारत ठणठणीत, आज तुम्ही म्हणता पडणार, तुमच्यात कोणाचं खरं मानायचं, असं ती विचारत होती. मी अजून काहीच म्हटलेलं नाही, मला आत जाऊन बघू दे, असं पालुपींनी सांगितल्यावर ती बाजूला झाली.

पहारेकरी पाक जुमादींनी दार उघडलं. रविवारी दुपारी बाजार रिकामा झाल्यावर कोणी आलं होतं का, असं पालुपींनी विचारलं. आलं होतं ना, जुमादी म्हणाले. तुमच्याच ऑफिसचा माणूस. हेल्मेट, नारिंगी जाकीट, तोंडाला धुळीची पट्टी. मापं घ्यायची आहेत म्हणाला आणि शिडी मागितली. ती देऊन जुमादी चहाला गेले. परत आले तेव्हा शिडी भिंतीला लावलेली होती आणि माणूस गेलेला होता.

"नाव नाही विचारलंत?"

"हेल्मेट घातलेल्या माणसाला मी काय विचारणार, बू? तुमचं तरी कुठे विचारलं?"

 माणूस ना उंच ना बुटका, चेहरा झाकलेला, आवाज पट्टीआडून आलेला. म्हणजे एक माणूस आत येऊन गेला होता, पण त्यानं काचा फोडल्या हे त्यातून सिद्ध होत नव्हतं. त्यानं मापंच घेतली असतील, असं ब्रामांत्यो सहज म्हणू शकले असते.

नकाशा हातात धरून त्या खांबामागून खांब बघत निघाल्या. पक्षीवाल्याच्या पिंजऱ्यांआडची एक तेवढी सापडली नाही, बाकी प्रत्येक पट्टी मधोमध फुटली होती. बाजार सुना असला की किती मोठा वाटतो, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं. जमुच्या रांगेशी आल्या तेव्हा मागे पावलं वाजली. जुमादींची नजर चुकवून कास्मिना आत आली होती.

"माझी नाही फुटली," ती म्हणाली.

"तुमची कुठली?"

कास्मिनानं फळीवरच्या बाटल्या एकेक करून खाली उतरवल्या. फळीच्या मागे, भिंतीला टेकलेल्या खांबावर, एक काचपट्टी होती. लख्ख आणि अखंड. कास्मिनाला त्या तड्याची धास्ती वाटायची, म्हणून वेनिंगनं तिच्या समाधानासाठी तिथे एक जास्तीची लावून दिली होती. रोज सकाळी बघ, फुटली तर मला फोन कर, असं सांगून. कास्मिना रोज सकाळी बघत होती.

पालुपींनी नकाशा पाहिला. ही पट्टी त्यात नव्हती. त्यांनी मान वर केली. तोच तडा वर तुळईपर्यंत गेला होता, आणि तिथली, नकाशातली पट्टी फुटलेली होती. एकच तडा हातभर अंतरावर हललाही होता आणि नव्हताही.

 आता त्यांना प्रत्येक पट्टीमागचा तडा तपासायचा होता. पर्समधून त्यांनी छोटी छिन्नी काढली. दाराजवळच्या डावीकडच्या खांबावर एक बारीक तडा होता, कडा फार नेटक्या असलेला, आणि त्यावरची पट्टीही इतरांसारखीच फुटलेली. त्यांनी छिन्नीनं रंग खरवडला, मग रंगाखालचा गिलावा. खालून काँक्रीट बाहेर आलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग हात फिरवून पाहिला.

त्या खांबाला तडाच नव्हता.

३

वेनिंगचं घर उंगारानला, डोंगराच्या अंगाला. पालुपी पोचल्या तेव्हा ती पायरीवर बसून शेंगा सोलत होती. तिच्या आईनं चहा आणि तळलेली केळी आणून ठेवली आणि काही न विचारता आत निघून गेली.

"तो दारापाशीचा खांब," पालुपी म्हणाल्या. "तिथे तडा नाहीये."

वेनिंगचा हात थांबला. "तीही फुटली?"

"तीही."

वेनिंगनं मग सगळं सांगितलं. ती मुकी पट्टी होती. पाक सुबक्तींनी कंपनी काढली तेव्हापासूनचा हा त्यांचा नियम, फक्त पट्ट्या लावणाऱ्यालाच सांगितला जाणारा. प्रत्येक कामात एक पट्टी धडधाकट खांबावर लावायची, गिलाव्यावर उगीच रेघ ओढून तडा आहे असं भासवायचं. ऊन, थंडी, गिलाव्याचं आकसणं यानं काचा फुटत असतील तर तीही फुटेल आणि आपली फसगत होणार नाही. नकाशात ती वेगळी दाखवायची नाही, नाहीतर नोंद घेणारा मनातल्या मनात ढिलाई करतो. कुठल्या खांबावर आहे ते फक्त लावणाऱ्याला आणि पाक सुबक्तींना ठाऊक. ते स्वतः नेहमी दाराच्या डाव्या खांबावर लावायचे, म्हणून वेनिंगनंही तिथेच लावली.

"अजून कोणाला सांगितलंस?"

ब्रामांत्यो एकदा बाजार बघायला आले होते तेव्हा तिनं गंमत म्हणून त्यांना दाखवली होती. ते हसले होते आणि अशी युक्ती आमच्याकडे कोणाला सुचली नसती म्हणाले होते. त्यांच्याशिवाय कोणाला नाही. पाक टिर्तोंनी कधी विचारलंच नाही. आणि कास्मिनाची पट्टी तर वेनिंग आणि कास्मिना यांच्यातलीच गोष्ट होती.

पालुपींनी केळ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"मी नोकरी सोडतेय, बू," वेनिंग मध्येच म्हणाली. "सिमेंट कारखान्यात जागा आहे. पाच वाजले की घरी. तिथे कोणी म्हणत नाही की तुझं उत्तर आम्हाला सोयीचं नाही, दुसरं दे. गेली दोन वर्षं मला एक सुट्टी धड मिळालेली नाही. बहिणीच्या लग्नात मी वरच्या खोलीत बसून पुलाचं गणित करत होते. आणि एवढं करून जे उभं राहतं ते माझं नसतं. चांगलं झालं तर मालकाचं नाव, वाईट झालं तर माझं."

पालुपींनी तिला समजावायचा प्रयत्न केला नाही. यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यांची स्वतःची मुलगी शाळेत पहिली आली त्या दिवशी त्या एका खाणीत हेल्मेट घालून उभ्या होत्या. ग्राहकाला आवडणार नाही असं उत्तर द्यायचं आणि त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे, हे अवघड जागेचं दुखणं त्यांनीही वर्षानुवर्षं अंगावर काढलं होतं.

"खरंय," त्या म्हणाल्या. "कारखान्यात तुला एकच भट्टी दिसेल, पण ती रोज पाच वाजता बंद होईल. मी इथे बर्फाचा कारखाना केला, मशिदीचा घुमट केला, नदीवरचे तीन पूल केले, एकदा तर हत्तींचा गोठासुद्धा केला. कंटाळायला वेळच मिळाला नाही. आणि अगं, माणसं आपल्याकडे येतात ती का येतात? आपण मालकही नसतो आणि ठेकेदारही नसतो, म्हणून. आपलं म्हणणं कुणाच्या बाजूचं नसतं एवढीच आपली किंमत. ती गेली की मग कारखाना बरा. जायचं तर जा. पण शुक्रवारी जा. गुरुवारी मला तू हवी आहेस."

वेनिंग हसली नाही, पण तिनं शेंगांची टोपली बाजूला ठेवली. मग जरा ओशाळून म्हणाली की आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. नऊ नंबरची पट्टी नकाशात खांबाच्या पुढच्या बाजूला दाखवली आहे. पण तिथे पक्षीवाला पिंजरे टांगतो आणि काढायला तयार होईना. तडा खांबाला वळसा घालून मागे गेला होता, म्हणून तिनं पट्टी मागच्या बाजूला लावली. नकाशा दुरुस्त करायचा राहून गेला.

पालुपींचा चहाचा पेला अर्ध्यावरच थांबला.

"ही चूक कोणाला सांगितलीस?"

"आत्ता तुम्हालाच."

"मग आता आणखी कोणाला सांगू नकोस. अगदी पाक सुबक्तींनासुद्धा."

४

दुसऱ्या दिवशी पालुपी टिर्तोच्या खोलीत गेल्या. त्यानं उठून खुर्ची दिली. त्याच्या मागे भिंतीवर कंपनीनं केलेल्या इमारतींची चित्रं होती आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक कामं त्यानं आणली होती, हे पालुपींना मान्य होतं. तो बोलायला गोड आणि थकलेला वाटत होता. वेनिंगबद्दल त्याला वाईट वाटतं म्हणाला. पण मॉलचं काम जर सेलारासला मिळालं तर पुढच्या काही वर्षांची चिंता मिटेल, नवी माणसं घेता येतील, जुन्यांना पगारवाढ देता येईल, हेही बघायला नको का? त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असंही नाही. मागच्या वर्षी दोन महिने पगार उशिरा झाले होते, तेव्हा ग्राहकांच्या दारात उभा राहून वसुली करणारा टिर्तोच होता.

"तुम्ही बाजारात शेवटचे कधी गेला होतात, मास?" पालुपींनी उठता उठता, धाकट्या भावाला विचारावं तसं विचारलं.

"आपल्या कंपनीच्या करारावर सह्या झाल्या त्या दिवशी. त्यानंतर पाऊलही टाकलं नाही. वास सहन होत नाही मला त्या सुक्या मासळीचा."

"म्हणजे पट्ट्या तुम्ही पाहिल्याच नाहीत?"

"नकाशात पाहिल्या. आणि ब्रामांत्योंच्या फोटोत."

ब्रामांत्यो फोनवर तुटक बोलले. रविवारी ते सासुरवाडीला होते म्हणाले, हवं तर सासऱ्यांना विचारा. मुक्या पट्टीचं नाव पालुपींनी मुद्दामच काढलं नाही. त्यांनीही काढलं नाही, हे मात्र पालुपींच्या लक्षात राहिलं.

सुबक्तींकडे जाणं त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, कारण ते त्यांना नको होतं. या माणसानं त्यांना छिन्नी कशी धरायची ते शिकवलं होतं. सुबक्ती खिडकीपाशी उभे होते. हांडोयोंनी काल रात्री स्वतः फोन केल्याचं त्यांनी सांगितलं. गुरुवारी पाडण्याची शिफारस आली तर मॉलचं काम सेलारासचं, नाही आली तर हांडोयोंच्या कुठल्याच कामात सेलारास नाही. इतकं उघड.

"आणि तुम्ही काय म्हणालात, पाक?"

"विचार करतो म्हणालो." त्यांचा आवाज खाली गेला. "चाळीस घरं चालतात या कंपनीवर, पालुपी. पूर्वी मी असल्या फोनवर विचार करायला वेळ मागत नसे."

पालुपी दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "गुरुवारची मीटिंग इथे नको. बाजारात घेऊ. हांडोयोंनाही बोलवा आणि व्यापाऱ्यांनाही."

"हातात काही आहे का तुमच्या?"

काय आहे ते सांगावंसं त्यांना फार वाटलं. पण काचा फोडायला लावणारा माणूस याच खोलीत उभा असेल का, याचं उत्तर त्यांच्याकडे अजून नव्हतं.

५

गुरुवारी बाजाराच्या मधल्या चौकात माणसं दाटीनं उभी राहिली. हांडोयो आले नाहीत, ब्रामांत्योंना पाठवलं. सुबक्ती, टिर्तो, वेनिंग, पहारेकरी जुमादी, आणि सभोवती सगळा बाजार. पालुपी सिमेंटच्या ओट्यावर चढल्या. भाषणाची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे त्यांनी गणित सोडवून दाखवावं तसं बोलायला सुरुवात केली.

आधी त्यांनी सगळ्यांना कास्मिनाच्या फळीपाशी नेलं. वरची पट्टी फुटलेली, खालची अखंड, तडा एकच. मग दाराजवळच्या खांबापाशी. खरवडलेल्या जागी त्यांनी सुबक्तींना हात फिरवायला सांगितलं. सुबक्तींचा हात तिथेच राहिला.

"ही मुकी पट्टी," ते पुटपुटले.

"हो. इमारत हलली तरी जी फुटायला नको ती फुटली आहे. ऊन-थंडीनं म्हणाल, तर कास्मिनाचीही फुटली असती. म्हणजे इमारतीनं नाही, माणसानं फोडली. रविवारी दुपारी, जुमादींच्या शिडीवर चढून."

घोळक्यात कुजबुज वाढली. ब्रामांत्यो काहीतरी बोलायला पुढे झाले, पण पालुपींनी हात वर केला.

आता माणूस कोणता ते बघू, त्या म्हणाल्या. ज्यानं फोडल्या त्याला कास्मिनाची पट्टी माहीत नव्हती, कारण ती नकाशात नाही. म्हणजे तो नकाशावरून काम करत होता आणि नकाशा फक्त आमच्या ऑफिसात आणि ब्रामांत्योंकडे आहे. त्याला मुकी पट्टी कुठली तेही माहीत नव्हतं. माहीत असती तर तिला हात लावून त्यानं स्वतःच्या गळ्यात फास अडकवला नसता. वेनिंगला ती माहीत होती, तिनंच लावली. पाक सुबक्तींचा तर तो नियमच. आणि ब्रामांत्यो, तुम्हाला वेनिंगनं दाखवली होती.

ब्रामांत्योंची मान खाली गेली.

"तुम्ही फोडली नाही," पालुपी म्हणाल्या. "पण सोमवारी फोटोत ती फुटलेली दिसली तेव्हाच तुम्हाला सगळं कळलं होतं. तरी गप्प बसलात."

 ब्रामांत्योंनी नाकारलं नाही.

टिर्तो पुढे आला. त्याचा आवाज शांत होता. हा सगळा तर्क झाला, म्हणाला. नकाशा ऑफिसातल्या कोणीही पाहिला असेल, झाडूवाल्यानंही. मुकी पट्टी माहीत नसलेली माणसं ऑफिसात पंचवीस तरी निघतील.

"बरोबर आहे," पालुपी म्हणाल्या. "म्हणून फक्त एक शेवटची गोष्ट बघून घेऊ आणि घरी जाऊ. पाक, हा नकाशा घ्या. आम्हाला नऊ नंबरची पट्टी दाखवा."

सुबक्ती नकाशा बघत पक्षीवाल्याच्या खांबापाशी गेले. समोरची बाजू त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिली. पिंजरे होते, त्यात मुनिया फडफडत होत्या. त्यांनी एक पिंजरा बाजूला केला, दुसरा केला. पक्षीवाला कुरकुरायला लागला. नकाशा उलटा धरला आहे का म्हणून त्यांनी तो फिरवून पाहिला. मागे कोणीतरी हसलं. वेळ जात होता, ऊन छपरातून खाली उतरत होतं, आणि टिर्तो पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होता.

"अहो पाक, तिथे काय शोधताय, मागच्या बाजूला आहे," तो अखेर वैतागून म्हणाला. झपाझप खांबाला वळसा घालून तो मागे गेला आणि त्यानं फुटलेल्या पट्टीवर बोट ठेवलं.

सगळ्या माना टिर्तोच्या बोटाकडे वळल्या.

"मास टिर्तो," पालुपी म्हणाल्या, "करारानंतर तुम्ही इथे पाऊल टाकलं नव्हतं ना?"

टिर्तोचं बोट अजून काचेवर होतं. फोटोत पाहिलं, तो म्हणाला. फोटोत नुसती काच आणि काँक्रीट आहे, पुढची बाजू की मागची हे कळत नाही, पालुपींनी सांगितलं. फोटोखेरीज मी त्यांना काही सांगितलेलं नाही, ब्रामांत्यो म्हणाले. मग वेनिंगनं सांगितलं असेल, तो म्हणाला. वेनिंग घोळक्यातून पुढे आली.

"मी ही गोष्ट फक्त बू पालुपींना सांगितली, पाक टिर्तो. सोमवारी संध्याकाळी. त्याआधी ज्याला ही पट्टी फोडायची होती त्याला ती शोधावीच लागली असणार. पाक सुबक्ती आत्ता शोधत होते तशी."

टिर्तो ओट्याच्या कडेवर बसला. मग हळूहळू बोलत गेला. हांडोयोंनी जेवायला बोलावून सांगितलं होतं की बाजार पडला तर मॉलचं काम मिळेल, आणि ते आणणाऱ्याला सेलारासमध्ये भागीदार करून घ्या असं ते स्वतः सुबक्तींना सांगतील. काचा फोडा असं कोणीच म्हटलं नव्हतं. ते त्याला स्वतःलाच सुचलं. इतकी वर्षं त्यानं कामं आणली, पण एकाही नकाशावर त्याचं नाव नव्हतं. इमारत आज ना उद्या पडणारच आहे, कोणाचं काय बिघडणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

"आणि माझं?" वेनिंगनं विचारलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

सुबक्तींनी नकाशाची घडी घातली. मग ते ओट्यावर चढले, वयामुळे जरा धडपडत, पालुपींचा हात धरून. सेलाराससारख्या छोट्या कंपनीच्या मालकानं हांडोयोंच्या माणसासमोर काय बोलावं याचे सगळे हिशेब गेले दोन दिवस त्यांच्या डोक्यात चालले असणार, पण आता ते डळमळले नाहीत. वेनिंगचं मत हेच सेलारासचं मत आहे, ते म्हणाले. ही इमारत पाडण्याची गरज नाही. शिफारसीवर पहिली सही वेनिंगची असेल आणि तिच्याखाली माझी. हांडोयोंनी सेलारासला पुन्हा काम दिलं नाही तरी चालेल.

मग त्यांनी ब्रामांत्योंकडे पाहिलं.  ब्रामांत्यो म्हणाले की सोमवारी जे बोलायला हवं होतं ते मी आता मालकांना सांगेन. जुमादींनी हे ऐकलं, कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही, आणि दाराकडे जाऊन बांबू काढून बाजूला टाकले.

जो आवाज उठला तो शेजारच्या गल्लीपर्यंत गेला. कास्मिनानं वेनिंगचे गाल दोन्ही हातांत धरले आणि "न्दुक, न्दुक", म्हणजे पोरी, पोरी, म्हणत ती हसायचं की रडायचं हे ठरवू शकली नाही. पक्षीवाल्यानं कोणी न सांगता नऊ नंबरच्या खांबावरचे पिंजरे उतरवले आणि डागडुजीला जागा हवी असेल तर माझी पूर्ण रांग घ्या म्हणाला. वेनिंगला कोणीतरी ओट्यावर उचलून उभं केलं. तिला काय बोलावं सुचेना, म्हणून तिनं कामाचं बोलायला सुरुवात केली. आधी कुठल्या तुळया, मग कुठले खांब, कुठली रांग किती दिवस हलवावी लागेल. माणसं टाचा उंचावून ऐकत होती आणि मधूनमधून प्रश्न विचारत होती.

पालुपी गर्दीच्या कडेला आल्या. सुबक्ती त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. टिर्तोची जागा रिकामी झाली आहे, म्हणाले, आणि भागीदाराची तर आधीपासूनच रिकामी आहे. त्या दुसऱ्या जागेचा विचार कराल का?

"ग्राहकांशी गोड बोलावं लागेल?"

"मुळीच नाही."

"मग करते," पालुपी म्हणाल्या.

टिर्तो पुढे पश्चिमेला दुसऱ्या बेटावर गेला असं कळलं. हांडोयोंनी काही महिने धुसफूस केली, मग बाजाराच्या दर्शनी भागावर स्वतःच्या कंपनीचं नाव लावून घेऊन डागडुजीला मान्यता दिली. वेनिंग शुक्रवारी सिमेंट कारखान्यात गेली नाही, पुढच्या शुक्रवारीही नाही.

काम सुरू झाल्यावर एके सकाळी पालुपी बाजारात गेल्या. तुळयांना लोखंडी आधार लावले होते. वर फळ्यांवर उभी राहून वेनिंग गवंड्यांना ओरडून सांगत होती, तिच्या हेल्मेटखालून घाम गळत होता. खाली बाजार ऐन भरात होता. मिरच्यांवरून भाव चालला होता, कोणी टोफू तळत होतं, दोन बायका एका कपड्याच्या दोन टोकांना धरून भांडत होत्या. डोक्यावर इतकं काम चाललेलं असताना एकही माणूस छताकडे बघत नव्हता. पालुपी बराच वेळ तिथे थांबल्या. आयुष्यात त्यांनी पुष्कळ कामं केली होती, पण इतकी मोठी पावती त्यांना कधी मिळाली नव्हती.